घोटणाऱ्यानं आधी प्यायची

विजयसिंहला मी ओळखलं ते त्याच्या कानांवरून. तांबड्या मातीत घासून घासून मोडलेले, फुगलेले कान. तोंडावर म्हातारपण चढलं होतं, पण कान तेच. तो माझ्या दारात उभा होता आणि माझा मुलगा संग्राम आनंदानं सांगत होता, "आई, हेच ते काका. रोज संध्याकाळी फोन करत्यात न्हाय का, तेच."

व्यसनमुक्ती केंद्रातून परत आल्यापासून संग्राम राजारामपुरीत दारू सोडलेल्यांच्या सभेला जात होता. तिथं आडनाव विचारत नाहीत. त्यामुळं आपण कुणाच्या पोराला हात दिलाय, हे विजयसिंहला ठाऊक नव्हतं. आत येऊन बसल्यावर भिंतीवर ह्यांचा गदा घेतलेला फोटो दिसला आणि त्यानं कप तसाच भरलेला बशीत ठेवला.

"वैनी," एवढंच म्हणाला.

"चहा घ्या भावजी," मी म्हणाले. "निवतोय."

संग्रामला यातलं काही माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा तो रांगत होता. मला मात्र सगळं लख्ख आठवतं. शिवाजी पेठेत तालमीच्या मागं आमची खोली. पहाटे शड्डूचे आवाज यायचे. ह्यांच्या अंगाला तेलाचा नि मातीचा वास असायचा, तो मला फार आवडायचा. बायकांना तालमीत मज्जाव होता, पण थंडाईचे बदाम भिजत घालायचे ते मीच. तालमीची एक रीत होती. थंडाई जो घोटेल त्यानं पहिला पेला स्वतः प्यायचा, मग बाकीच्यांनी. हे मोठी कुस्ती मारून आले त्या दिवशी थंडाई विजयसिंहनं घोटली आणि पहिला पेला ह्यांच्या हातात दिला. "आज मान तुझा," म्हणाला. पेल्यात दारू होती. गंमत म्हणून. दारूला कधी न शिवलेला माझा माणूस त्या गमतीच्या मागं लागला आणि संपला. विजयसिंह मयताला आला नाही.

थोड्या दिवसांनी संग्राम म्हणाला, "आई, काकांच्या दारू सोडल्याचा वाढदिवस हाय. घरच्या माणसानं मेडल द्यायचं असतंय. त्यांचं कोण ऱ्हायलं न्हाय. तू देशील?"

"देते की," मी म्हणाले. त्या रात्री मला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली.

सभा एका शिकवणीच्या वर्गाच्या वरच्या हॉलमध्ये होती. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, हा तिथला नियम. मला तो फार सोयीचा वाटला. मेडल हातात धरून मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पेला, दारू, ह्यांचं रक्त ओकणं, मयताला त्याचं न येणं. शेवटी म्हणाले, "तुमच्या ह्या काकानं माझं कुंकू पुसलंय."

"खरं हाय," विजयसिंह म्हणाला आणि त्याची मान खाली गेली. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. संग्राम उठून जिन्याकडं गेला होता.

रस्त्यापलीकडं बार होता. विजयसिंहनं खिडकीतून एकदा बघितलं. "वैनी, माझं काय करायचं ते मागनं बघा," म्हणत तो त्या मोडक्या गुडघ्यांनी धावला. मला जिना झेपेना. स्नेहल नावाच्या एका पोरीनं माझा दंड धरला. "हळू, मावशी. काका धरतील त्याला. माझ्या नवऱ्याला बी त्यांनीच धरलंय."

बारच्या दारात विजयसिंहनं संग्रामचं मनगट पकडलं होतं, आखाड्यात पकडतात तसं.

"सोडा! माझ्या बाला खाल्लासा तुम्ही!"

"खाल्लं. म्हणून तर सोडत न्हाय. हाण मला, पर आत जाऊ नगंस."

संग्रामनं हाणली. कानाखालीच. विजयसिंहचा चष्मा गटारीत गेला, मनगट सुटलं नाही.

मी बघत राहिले. ह्या माणसाला पिऊन गटारात पडलेला बघायचं म्हणूनच मी आले होते. पण तो पडला तर ते मनगट कोण धरणार? मला डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही.

"मेडल मिळायचं न्हाय तुम्हाला," मी म्हणाले आणि ते पिशवीत टाकलं. "उद्यापासनं पहाटे माझ्या घरी यायचं. थंडाई घोटायची. पहिला पेला तुम्ही प्यायचा, माझ्यासमोर. मग ह्यानं."

"कुठवर, वैनी?"

"मी मरंस्तवर. आणि माझ्या आधी मरायचं न्हाय. तेवढी सुटका तुम्हाला द्यायची न्हाय मला."

तेव्हापासून तो येतो. थंडाई घोटायची ह्यांचीच दगडी कुंडी मी काढून दिलीय. सुरुवातीला संग्राम तोंड फिरवून बसायचा. परवा म्हणाला, "काका, खसखस कमी पडलीया आज." मी मात्र रोज पेला हुंगते आणि मगच संग्रामच्या हातात देते.

मागच्या आठवड्यात विजयसिंहचा फोन आला. "वैनी, ताप हाय. आजच्या दिवस ऱ्हाऊ दे."

"रिक्षा करा," मी म्हणाले.

आला. कानाला मफलर गुंडाळून, कुथत खाली बसला. कुंडी हलू नये म्हणून संग्रामनं ती त्याच्या पायांपुढं दाबून धरली, विजयसिंहनं घोटली. पहिला पेला उचलला. तळ दिसेपर्यंत मी नजर हलवली नाही.