सिल्वेरिओची रिकामी पेटी

१४ जुलै, आमच्याकडचा भर हिवाळा. पहाटेपासून उत्तरेचा वारा, आडवा पाऊस. खाडीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता.

मी एक शवपेटी. त्या दिवसापर्यंत माझ्यात कुणी कायमचं निजलं नव्हतं.

चिली देशातल्या आमच्या चिलोए बेटावर माणूस पन्नाशीला आला की आपली पेटी करून माळ्यावर ठेवतो, आणि वेळ येईपर्यंत तिच्यात सफरचंदं भरतो. सिल्वेरिओने मला सायप्रस झाडाच्या फळ्यांतून घडवलं. उन्हाळ्यात तो पाणबुड्या, समुद्राच्या तळातून शिंपले काढायचा, हिवाळ्यात सुतार. माप बघायला तो माझ्यात आडवा झाला, तेव्हा त्याची बायको एर्मिंदा शिडीवरून ओरडली, "ऊठ मेल्या! बटाटे निवताहेत, आणि तू मरायची तालीम करतोयस?" तो खदखदून हसला. ते हसू माझ्या तळाच्या फळीत अजून आहे.

मग एकदा तो समुद्रातून परतलाच नाही. पाणबुड्या खाली उतरतो तेव्हा त्याच्या कमरेचा दोर होडीतला जोडीदार धरून बसतो. सिल्वेरिओचा दोर नॉल्बेर्तोच्या हातात होता. वादळ उठलं आणि नॉल्बेर्तो एकटाच काठाला लागला. "खडकावर घासून दोर तुटला," म्हणाला. गावाने मान डोलावली, आणि त्याची पाठ वळताच गाव कुजबुजलं, "तुटला की कापला?"

एर्मिंदाने माझ्यातली सफरचंदं काढून टाकली. समुद्र कधीतरी त्याला परत देईल, तेव्हा जागा मोकळी हवी. मला खाली उतरवून तिने चुलीशेजारी ठेवलं, झाकण बोटभर उघडं. उत्तरेचा वारा सुटला की माझ्या आतून टकटक व्हायची. लाकूड फुगतं, कुरकुरतं, हे मला कळतं. मी लाकूडच आहे. पण ती टकटक माझी नव्हती. एर्मिंदा सूत कातता कातता थांबे आणि म्हणे, "ऐकतेय रे. कुणाला दिली नाही अजून."

दर हिवाळ्यात नॉल्बेर्तो आमच्या कुंपणाशी फोडलेली लाकडं ठेवून जाई. एर्मिंदा ती आत आणत नसे. ढीग तिथेच कुजला, त्यावर शेवाळ चढलं.

१४ जुलैच्या त्या दिवशी नॉल्बेर्तोची मुलगी सुलेमा निथळत दारात आली. मागे म्हातारा आबेलिनो. पाद्री आमच्याकडे वर्षातून एकदा येतो. एरवी प्रार्थना काय नि पुरणं काय, आबेलिनोच बघतो.

"मावशी, बाबा परवा गेले," सुलेमा म्हणाली. "होड्या बंद आहेत. बाबांनी आपली पेटी कधी केलीच नाही, आणि घरात एक कोरडी फळी नाही. ही पेटी देशील?"

"चादरीत पुरलं असतं वहिनी," आबेलिनो म्हणाला, "पण खड्डा खणला की विहीर होतेय. त्याला पाण्यात कसं सोडायचं?"

"माझ्या माणसाला सोडलंच की पाण्यात!" एर्मिंदा ताडकन उठली. "आणि तो आला म्हणजे? त्याला काय बटाट्याच्या टोपलीत निजवू?"

तेवढ्यात माझ्या आत टकटक झाली. तिघांनीही ऐकली. आबेलिनोने क्रुसाची खूण केली.

"मावशी," सुलेमा हळूच म्हणाली, "जाताना बाबांनी मला त्या दोराचं सांगितलं. खरं काय ते. तुला ऐकायचं असेल तर..."

एर्मिंदाचा हात माझ्या झाकणावर होता. याच एका वाक्यासाठी ती इतकी वर्षं जागी होती.

"गप्प बस, पोरी. ऐकलं तर सौदा होईल. चांगलं ऐकलं म्हणून दिली, वाईट ऐकलं म्हणून अडवली."

"मग पुरून झाल्यावर सांगू?"

"तेव्हाही नको. क्रुसावर हात पसरताना देवाच्या लेकाने आधी कुणाची साक्ष काढली होती?"

"वहिनी, मागाहून पस्तावाल."

"पस्तावेन की. रोज पस्तावेन. ती बाजू उचला भाऊजी, बोलत काय बसलात!"

मला उचलण्याआधी तिने झाकणाच्या फटीला तोंड लावलं. "सिल्वेरिओ, जागा दिली रे तुझी. आलास तर माझ्या खाटेवर निज. मी खाली निजेन."

नॉल्बेर्तो उंच होता. त्याचे गुडघे दुमडावे लागले. त्याच्या गादीखाली दोराचा एक तुकडा सापडला होता. सुलेमाने तो त्याच्या मुठीत ठेवला, वर शाल ओढली, आणि आबेलिनोने खिळे ठोकले.

आता मी टेकडीवरच्या ओल्या मातीत आहे. इथे वारा पोचत नाही. टकटक मात्र पोचते. पूर्वी आतून यायची, आता बाहेरून येते. मला कुणी ऐकत असेल तर एवढं करा: एर्मिंदाच्या दाराला आतून कडी घालू देऊ नका. सिल्वेरिओला इथून तिकडेच जायचंय.

१५ जुलैला दुपारी आम्हाला पुरलं. पहिली मूठभर माती एर्मिंदाने टाकली. सुलेमाने तिला काही सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. नॉल्बेर्तोच्या मुठीतल्या दोराचं टोक सुरीने सरळ कापलेलं आहे.