दीड अंश वाकडा

माझ्या चार्जरची शपथ, काचेवरच्या तड्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं बोलेन तर माझी बॅटरी फुगो.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. एकाच साच्यातून आम्ही लाखभर भावंडं निघालो. दिसायला सारखी, पण आतून प्रत्येकाची खोड वेगळी. कुणाचा माइक नाकात बोलणारा, कुणाच्या कॅमेऱ्यात कायमचा एक ठिपका. माझ्या पोटात तोल मोजणारा जो कण आहे, तो बसवतानाच तिरका बसला. सपाट टेबलावर ठेवा, मी म्हणणार, दीड अंश उजवीकडे कललंय! यात माझा काय दोष? पण शिव्या कुणी खाल्ल्या? मीच!

माझी बाई फरशी बसवते. एकदा तिची पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, घरी राहिली म्हणून बाथरूमचा उतार तिने माझ्यावर सोपवला. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराबाहेर निघालं. "मेल्या, वाकड्या तोंडाच्या!" तिने सगळी फरशी उकरली. तेव्हापासून माझा आकडा बघायचा आणि दीड वजा करायचा, ही तिची रीत. म्हणायची, "वाकडा आहे, पण रोज तेवढाच वाकडा. माझ्या नवऱ्यासारखा."

तो नवरा! त्याला मदतीची भारी हौस. "हळू चालतो गं, साफ करून देतो," म्हणत एका सकाळी त्याने मला पुसून कोरं केलं. फोटो गेले, नंबर गेले. आणि नेमका त्याच दिवशी, जिथे काम चालू होतं त्या घराच्या मालकिणीचा फोन हरवला. तोही माझ्याच साच्यातला, माझ्याच रंगाचा.

सिमेंटच्या पोत्यावरून मालकिणीने मला उचललं. "हा तर माझाच! पुसलाय पण! आणि तुमचंच कार्ड घातलंत होय?"

बाईच्या हातातली थापी थांबली. हिच्या भरवशावर घर उघडं टाकून जावं, या एका नावावर तिला कामं मिळायची. मी ओरडलो असतो, पण आम्हाला वाजायलाही दुसऱ्या कुणाचा फोन यावा लागतो. काय जीव जळला माझा!

"ताई, फोन तुमच्याच हातात राहू दे," बाई म्हणाली. "ही फरशी बघा, पाणसळीचा बुडबुडा मधोमध. आता हा फोन तिच्यावर ठेवा. दीड अंश उजवीकडे दाखवेल. उलटा फिरवा, तरी स्वतःच्याच उजवीकडे."

ठेवला. दीड. फिरवला. दीड.

"माझाही तसाच असेल," मालकीण फणकारली.

"कसा असेल?" तिच्या सासूबाई खुर्चीतून करवादल्या. "भिंतीवरची ती फोटोची चौकट तू तुझाच फोन टेकवून, तोल बघून टांगलीस ना? मी रोज बघते. सुतासारखी सरळ आहे!"

बाईने चौकटीवर पाणसळ धरली. बुडबुडा मधोमध.

मालकिणीने बाईचे हात धरले. "चुकले हो मी. माफ करा." तिचा फोन संध्याकाळी धुण्याच्या टोपलीत सापडला.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला जपा. आमची खोड काढता येत नाही, ओळखून ठेवता येते. आणि पुसण्याआधी निदान एकदा विचारा!

बरं, असे रोखून बघू नका. ते हात धरून माफी मागणं तेवढं मी पदरचं घातलं. मालकीण नुसती म्हणाली, "मग बघत काय बसलात? जाळीजवळच्या फरश्या राहिल्यात." पण तिने माफी मागायला हवी होती. म्हणून मी मागायला लावली.