मुशीचं तेल आणि पलटणीचे बूट

‘दादा पडला तेव्हा त्याचे पाय कोरडे होते का?’

अंबाजीनं हा प्रश्न ज्याला त्याला विचारला, आणि कुणीच त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे. पण मी पडलो डबा. मुशीच्या तेलाचा, पत्र्याचा, एका कुशीला चेपलेला. मला कोण विचारणार? म्हणून तुम्हालाच सांगतो. मधेच नाक मुरडू नका एवढंच. वास माझा आहे, त्याला इलाज नाही.

माझा जन्म दिघीच्या बाजारातला. तिथं पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं रॉकेलचा रिकामा डबा कापला, त्यातून दोन चिमण्या काढल्या आणि उरल्या पत्र्यात मला बसवलं. पेल्याएवढी उंची, घट्ट झाकण. चिमण्या घरोघरी उजेड द्यायला गेल्या. मी गेलो नुरुद्दीनच्या मचव्यावर.

हा मचवा दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला माणसं, भात, कोंबड्या, कधी नवरी अशी काय काय नेई. मुशी म्हणजे समुद्रातला तो दांडगा, दातेरी मासा. तिच्या काळजाचं तेल कढवून होडीच्या लाकडाला आतूनबाहेरून चोळतात. मग पाणी लाकडात मुरत नाही. ते तेल माझ्या पोटात असे, आणि मी अंबाजीच्या हातात.

अंबाजी मचव्यावर खलाशी होता. विशीतला गडी, छाती दाराएवढी. दुसरीच्या पुस्तकाच्या होड्या करून त्यानं खाडीत सोडल्या, तेव्हा शाळा सुटली ती कायमची. त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट आली की हातानं ती केलीच म्हणून समजा. मधे विचार नावाचा थांबा नव्हता.

त्याचा थोरला भाऊ भागोजी इंग्रज सरकारच्या पलटणीत शिपाई. छत्तीस सालच्या दिवाळीला तो रजेवर आला, आणि फराळ संपायच्या आत तार आली. पलटण सरहद्दीवर पठाणांच्या मुलखात लढाईला निघाली होती. ताबडतोब हजर व्हायचं होतं.

घरात एकच धांदल उडाली. आई, मनुबाई, गाठोडी बांधायला बसली. पोह्यांचं बांधलं, आमसुलांचं बांधलं, सुकटीचं तर उशीएवढं बांधलं.

“आये, सरकार जेवायला घालतं गं.”

“घालतं तर घालू दे. सुकट घालतं का?”

भागोजीनं सुकटीचं गाठोडं उचललं आणि पिशवीत कोंबलं.

अंबाजीनं विचारलं, “दादा, तिकडं भ्यायचं कशाला? गोळीला?”

“गोळी एकदा येते रं. खरी भीती वल्या पायाची. बर्फ, वढे, चिखल. बूट भिजले की पाय सुजतात, फुटतात. मग चालवत न्हाय. मागं राहिला तो संपला.”

झालं! भागोजी आंघोळीला विहिरीवर गेला आणि अंबाजी मला घेऊन ओटीवर आला. दादाचे सरकारी बूट तिथं आरशासारखे चमकत होते. अंबाजीनं मला वाकडं केलं आणि मचव्याला चोळावं तसं तेल बुटांना चोळलं. बाहेरून चोळलं आणि आतूनही चोळलं! होडीला आतूनही लावतात ना, मग बुटानं काय घोडं मारलं?

भागोजी आला, बुटात पाय घातला, आणि पाय जो सरकला तो थेट तुळशीवृंदावनापर्यंत.

“अरं गाढवा! ह्यो बूट हाय, मचवा न्हाय!”

“पाणी तर न्हाय ना शिरणार?”

“पाणी काय, माझा पायसुदा आत ठरंना! आणि चमक घालवलीस सगळी. हवालदार तोंड बघतो बुटात.”

“पठाण काय तोंड बघायला येणार हायत व्हय?”

मनुबाई पदर तोंडाला लावून हसली. भागोजीही हसायला लागला, आणि हसता हसता तुळशीपाशीच बसला.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी आगबोट उभी राहिली. नुरुद्दीननं मचवा तिच्या कुशीला नेला. शिडी धरताना अंबाजीनं मला दादाच्या पिशवीत कोंबलं.

“ह्यो डबा घे. आता आतून न्हाय, बाहेरूनच लाव. शिवणीत जास्त. आणि झाकण घट्ट लाव.”

“परत आणीन तुझा डबा.”

“डबा हरवलास तरी चालंल. तू ये.”

पलटणीच्या कोठारात मी जे पाहिलं ते आमच्या बाजारात जत्रेलाही पाहिलं नव्हतं. लोकरी जर्सी, दोन-दोन कांबळी, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, मेंढीच्या कातड्याचे कोट. बाहेर खेचरांच्या पाठीवर पीठ, गूळ, चणे आणि तुपाचे डबे चढत होते. तुपाचे डबे माझ्याच जातीचे, पण माझ्याकडे पाठ करून बसले. मोठी माणसं!

सरहद्दीसाठी नवे बूट देणारा कोठारवाला भागोजीच्या पायाकडे बघतच राहिला. लहानपणापासून अनवाणी चिखल तुडवून रुंद झालेला पाय तो.

“पाय आहे का वल्हं?”

“दोन्हीचं काम करतो,” भागोजी म्हणाला.

नवे बूट लाकडासारखे कडक. भागोजीनं मला उघडलं आणि हलक्या हातानं बाहेरून तेल चोळलं. मग सामानाची तपासणी आली. चंदर हवालदार घाटावरचा, समुद्र त्यानं चित्रातही पाहिला नव्हता. तो रांगेत शिरला आणि नाकाला रुमाल लावून थांबला.

“कोण मेलंय इथं?”

“मुशी, हवालदारसाहेब,” भागोजी म्हणाला. “दिवाळीच्या आधीच मेली.”

रांगेत खसखस पिकली. शेजारी मोरू नावाचा शिपाई उभा होता, म्हसळ्याकडचा. तो तर खोकल्याचं सोंग करून वाकला. हवालदारानं मला उचललं, लांब धरलं, खिडकीबाहेर भिरकवायला हात मागं नेला.

“साहेब, धाकट्या भावानं दिलाय.”

हवालदाराचा हात तसाच थांबला. त्यालाही धाकटा भाऊ असावा. मला खाली ठेवत तो म्हणाला, “शिधा असेल तिथं हे मढं दिसता कामा नये.”

सरहद्दीवर पोचलो तेव्हा माझ्या अंगातलं तेलसुद्धा गोठलं. रोज ओढे ओलांडायचे. ओढ्याचं पाणी असं, की पत्रा असून मी कुडकुडलो. आठवड्याभरात बाकीच्यांचे बूट वाळून तडकले, टाचा फुटल्या. भागोजी मात्र बूट काढून पायाची बोटं नाचवायचा.

“बघ मोरू! ठणठणीत कोरडं!”

मग मोरू आला, त्याच्यामागून आणखी शिपाई आले. भागोजी बोटानं थेंब थेंब वाटायचा आणि अंबाजीचं वाक्य म्हणून दाखवायचा, “बाहेरूनच. शिवणीत जास्त.” एकदा चंदर हवालदार आला. नुसता बूट पुढं केला आणि डोंगराकडे बघत उभा राहिला. मुशीचा वास सगळ्या तुकडीला लागला, आणि त्या तुकडीतला एकही गडी पायासाठी मागं राहिला नाही.

भागोजी सगळ्यांना सांगायचा, “संपू दे रं. आमचा अंबाजी दुसरं पाठवील.”

मी रिकामा झालो ती सकाळ मला आठवते. भागोजीनं माझ्या तळाशी बोट फिरवून शेवटचं तेल बुटांना लावलं, मला पिशवीच्या उघड्या तोंडाशी ठेवलं. तुकडीनं ओढा ओलांडला. मोरू मागं खेचरांपाशी होता. पलीकडे खडकावर बसून भागोजीनं बूट काढला, बोटं नाचवली, कुणी बघत नव्हतं तरी म्हणाला, “ठणठणीत!” बूट घातला, नाडी बांधली, उभा राहिला. मग गोळी आली. तो म्हणाला होता तशी, एकदाच.

त्याचं सरकारी सामान सरकारी वाटेनं गेलं. मला मोरूनं आपल्या पिशवीत घातलं.

शिमग्याला मोरूला रजा मिळाली. घरी जायच्या आधी तो दिघीला उतरला. अंबाजी मचव्यावर होता. दादा पडल्याची तार घरी कधीच आली होती. मोरूनं मला पुढं केलं. अंबाजीनं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि तोच प्रश्न विचारला.

“मी मागं खेचरांपाशी होतो रं,” मोरू म्हणाला. तो तिथं नव्हता, आणि खोटं त्याला बोलवेना.

अंबाजीनं मला गरकन फिरवलं आणि खाडीत भिरकावलं. माझी कूस चेपली ती मचव्याच्या काठावर आपटून. बुडबुडलो, खाली निघालो. वर मोरू नुरुद्दीनला सांगत होता, “बाकीचे तेलाची वाट बघतायत. भागोजी म्हणायचा, अंबाजी दुसरं तेल पाठवील.”

धप्प! धोतरासकट अंबाजी पाण्यात. मला मुठीत धरून तो वर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचं पाणी कुठलं खारं होतं, खाडीचं का त्याचं, मला कळलं नाही.

मग त्यानं मचव्यावरचा तेलाचा मोठा डबाच ओढला. नुरुद्दीन सुकाणूपाशी होता. म्हणाला, “समदा नेतोस? माझ्या मचव्यानं काय प्यावं?”

“चाचा, पुढल्या मुशीचं तुला.”

“ने रे ने, पोरा. मचवा माझा लाकडाचा हाय, थांबेल.”

रजा संपवून मोरू आज परत आला. मी त्याच्या पिशवीत काठोकाठ भरलेला आहे. शेजारी मोठा डबा, वर मनुबाईचं सुकटीचं गाठोडं. आगबोटीचा भोंगा ऐकू येतो आहे. तुम्ही कधी दिघीला गेलात तर मचव्यावरच्या अंबाजीला माझा एवढा निरोप सांगा: कोरडे होते. ठणठणीत कोरडे.

शिडीपाशी अंबाजीनं मोरूला थांबवलं. “बाहेरूनच लावा म्हणावं. शिवणीत जास्त,” तो म्हणाला. मग मला पिशवीतून पुन्हा बाहेर काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि तळहाताचा सगळा जोर देऊन माझं झाकण घट्ट लावलं.