बैलाचे वरचे दात

१९९५ सालची गोष्ट. राहुरीकडच्या एका माळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या, की त्यांच्या पोरांसाठी शेजारीच पत्र्याची शाळा भरायची. वृषालीबाई तिथे नव्यानेच आल्या होत्या. नगर शहरात वाढलेल्या. बैल पाहिला तो रस्त्यावर गाडी ओढताना, तेवढाच.

दुसरीच्या मुलांना त्यांनी सांगितलं, "गोष्ट नको, गाणं नको. एखाद्या जनावराविषयी खरं तेवढंच लिहा." सगळ्यांनी लिहिलं, बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे, त्याला चार पाय असतात. पाथर्डीकडच्या सविताने मात्र एकच ओळ लिहिली : बैलाला वरचे पुढचे दात नसतात.

बाईंना हसू आलं. मग तो चारा तोडतो कशाने? त्यांनी लाल पेनाने भली मोठी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सविता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एकदा शाळेतून गळालेली पोर पुन्हा येत नाही, घरची पोरं सांभाळते आणि पुढे कोयता धरते, हे बाईंनी एवढ्यातच पाहिलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी उसाच्या बैलगाड्या परतल्या, तशा त्या सविताची वही घेऊन कोप्यांकडे निघाल्या. मागे अख्खा वर्ग.

सविता धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. चुलीपुढून तिची आई लंकाबाई म्हणाली, "न्हाई यायची ती. खरं लिवलेलं बी तुमी खोटं पाडता. त्यापरीस पोरगं सांभाळू द्या."

"अहो, पण दात नसलेला बैल..."

वैरण टाकणारा मच्छिंद्र, सविताचा बाप, हसला. "बाई, या इकडं. बैल घ्यायचा तर आमी आधी त्याचं तोंड उघडतो. खालच्या दातांवरनं वय कळतं. वरचे हायेत कुठं मोजायला?" त्याने बैलाचा जबडा धरून ओठ वर केला.

बाई वाकल्या. खाली पिवळट दातांची ओळ. वर पुढे नुसती जाड, कडक हिरडी. बैलाने फुर्रर करून त्यांच्या पदरावर फेस उडवला.

"सांभाळा बाई," शेजारच्या कोपीतली म्हातारी दगडाबाई ओरडली, "त्यो तुमचंच वय बघतोय!"

पोरं खिदळली. बाईही हसल्या. मग तिथेच वही उघडून त्यांनी स्वतःची फुली खोडली आणि शेजारी लिहिलं, 'माझं चुकलं. सविताचं बरोबर.' सगळ्यांना ते वाचून दाखवलं आणि वही तिच्यापुढे धरली.

"हे तुला कसं कळलं, तेही लिही."

सविताने आईकडे बघितलं. लंकाबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि पोरगं आपल्याकडे ओढून घेतलं.

सविताने लिहिलं : मी तोंड उघडून बघितलं. बाईंनी पण बघितलं.

त्या हंगामात कोंबडी, शेळी, सरडा, सगळे वह्यांत आले. बाई लाल पेन उचलायच्या आधी विचारायच्या, "कुणी बघितलं?"

सविताचा हात सगळ्यांत आधी वर जायचा. कधीकधी दुसऱ्या हाताने, शाळेत सोबत आणलेला मांडीवरचा भाऊ थोपटत.