बरं झालं, रुसली होती

गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून दोघी जावांचं बिनसलं, तेव्हापासून मधल्या एका भिंतीच्या अल्याडपल्याड राहूनही त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. अशात धाकटीचा घसा धरला. तिचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा आणि थोरलीचा जीव कासावीस व्हायचा. तिच्याकडे दाढेसाठी दिलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल उरल्या होत्या. ठणका थांबला तशा तिनं त्या सोडून दिल्या होत्या. चांगलं औषध वाया कशाला घालवायचं, म्हणून तिनं त्या धाकटीच्या हातात ठेवल्या, ‘घशाला घे’ एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवली.

दाढ काही गप्प बसली नाही. दुसऱ्याच दिवशी थोरली पुन्हा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. बाकीच्या कॅप्सूल कुठं गेल्या, असं त्यांनी विचारलं. जावेला दिल्या म्हटल्यावर त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. अर्धवट सोडलं म्हणूनच दाढ उलटली, आणि एकाचं औषध दुसऱ्याला द्यायचं नसतं, असं ते शांतपणे म्हणाले. मग विचारलं, “त्यांना पेनिसिलिन चालतं ना?”

थोरलीचा आ तसाच राहिला. धाकटीला बाळंतपणानंतर पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं. डोळे सुजून मिटले, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या. तेव्हा तिचा हात धरून बसलेली बाई थोरलीच होती.

“पण ते पेनिसिलिन होतं. हे तर दुसरं काहीतरी...”

“नाव वेगळं, कूळ एकच,” डॉक्टर म्हणाले. “आत्ता फोन लावा. घेतली असेल आणि सूज किंवा धाप दिसली, तर थेट हॉस्पिटल.”

फोन वाजत राहिला. धाकटी उचलेना. थोरली देवाचं नाव घेत उठली ती गालात कापूस तसाच ठेवून घराकडे धावत सुटली.

धाकटी दारातच कपड्यांच्या घड्या घालत होती. तोंड फुगलेलं होतं, पण ते रोजच्यासारखंच.

“कॅप्सूल घेतलीस?”

धाकटीनं टॉवेलची घडी पुन्हा मोडली. “खरं सांगू, वहिनी? नाही घेतली. म्हटलं, गच्चीवर सगळ्यांदेखत मला बोललात, आता औषध देऊन मन वळवताय. नाही घेत, जा.”

थोरली उंबऱ्यातच बसली. “बरं झालं बाई, रुसलीस.”

मग तिनं सगळं सांगितलं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तीही नावाला फसली होती.

“आणि फोन का नाही उचललास?”

“तुमचा होता म्हणून.”

त्यावर दोघींना हसू फुटलं, थोरलीला दाढ धरून. त्याच पावली ती धाकटीला दवाखान्यात घेऊन गेली आणि बसायच्या आधी म्हणाली, “हिला पेनिसिलिन चालत नाही.” घशाला गुळण्या आणि विश्रांती पुरेशी निघाली. उरलेल्या कॅप्सूल औषधाच्या दुकानात परत गेल्या.

थोरलीला दातांच्या डॉक्टरांनी नवा कोर्स दिला, शेवटच्या कॅप्सूलपर्यंत पुरा करायचं बजावून. आता वेळ झाली की भिंतीवर टकटक होते.

“वहिनी, घेतली का?”

“घेतली गं.”

“दाखवा बरं पाकीट,” म्हणत धाकटी दारात हजर.