जास्वंदीची पाकळी

तिवाएवाए, म्हणजे फुलाफुलांची मोठी गोधडी, शिवायला बायका जमल्या की वाइनेमावशीचा एकच दंडक असे: वाकडा टाका दिसला की उसवायचा, मग तो कुणाचा का असेना. अख्खं रारोटोंगा बेट तिला टरकून असायचं.

आता मावशी ऑकलंडच्या वृद्धाश्रमात होती आणि तिचे हात थरथरत होते. भाची मोएरोआने गोधडी आणून तिच्या मांडीवर पसरली, तेव्हा तिने हौसेने लाल जास्वंदीची एक पाकळी शिवली. टाके असे, की वाळूवरून खेकडा पळालाय. ते उसवायचा मोएरोआला काही धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी मावशीने पाकळीवरून बोट फिरवलं आणि तिचा पारा चढला.

"हे तसंच ठेवलंस? कीव करतेस काय गं माझी?"

"राहू दे की मावशी. तुझी आठवण म्हणून..."

"आठवणी मी मेल्यावर काढ! आधी उसव."

मोएरोआने कात्री घेतली. शेवटचा धागा निघाला, तशी मावशीची कळी खुलली. तिने सुई पुढे केली.

"ओवून दे. तुझी पहिली पाकळी मी अकरा वेळा उसवली होती. माझी एकदाच उसवून सुटशील होय?"