पहिली खाच

मी पुठ्ठ्याचा एक तुकडा. अंगावर इंग्रजीतला 'बट', म्हणजे आपला 'पण'. मास्तरांनी मला हौसेनं कापलं, कोपरे गोल केले आणि निळी कड रंगवली. तिथेच माझं नशीब ठरलं.

मास्तर मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. लाकडी पट्टीच्या खाचांत आम्हाला उभं करून वाक्य जुळवायचं. पहिल्या खाचेत लाल कडेचेच शब्द चालत. 'आय', 'माय', 'व्हेअर', 'प्लीज', 'टुमॉरो', एवढंच काय, 'ओह'सारखा उसासाही लाल! मी मात्र निळा, आणि वर्गातली वाक्यं इतकी छोटी की मधेही माझी गरज पडत नसे. सात वर्षं डब्याच्या तळाशी पडून होतो. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वर्गात शिवणकाम करणाऱ्या एक आजी येत. त्यांच्या परदेशातल्या नातीला फक्त इंग्रजी येई. तिनं केस कापले म्हणून आजी फोनवर वाट्टेल ते बोलल्या, लेकीनं ते शब्दन् शब्द तिला सांगितलं, आणि नातीनं आजीचं नाव टाकलं.

एका दुपारी आजींनी मला पहिल्या खाचेत उभं केलं. माझ्यामागे 'आय', 'लव्ह', 'यू'.

"आजी, निळा पुढे नाही चालत," मास्तर म्हणाले. "नुसतं 'आय लव्ह यू' पाठवा की."

"ते काय, दुकानात छापील मिळतं. आधी मी काय काय बोलले, ते तिला ठाऊक आहे. मलाही आठवतंय, हे कळू दे तिला."

मास्तर चष्मा पुसत बसले. "चालतं हो तसं. तुम्हाला सोपं जावं म्हणून मीच नियम केला होता."

माझा आनंद गगनात मावेना. आजींचा स्वतःच्या अक्षरावर भरवसा नव्हता. त्यांनी आम्हा चौघांनाच मागून घेतलं आणि पाकिटात घातलं. क्रम लिहायचं ना त्यांना सुचलं, ना मास्तरांना.

प्रवासात आम्ही उलटेपालटे झालो. नातीनं आम्हाला टेबलावर मांडलं. 'आय', 'लव्ह', 'यू', आणि शेवटी मी.

"काय लिहिलंय गं आजीनं?" आतून आईनं इंग्रजीतच विचारलं.

"नेहमीचंच. प्रेम आहे, पण..." नात म्हणाली आणि उठून गेली.

चार दिवस झाले, आम्ही तसेच पडून आहोत. पोरी, एकदा ये. मला उचलून पुढे ठेव. तुझी आजी तिकडे फोनजवळ बसून आहे.